घरी सांगायच्या आधी: बदलतं अंग कसं सांभाळावं

मी ट्रान्स बाई, म्हणजे मुलगा समजून वाढवलेली बाई. कोल्हापूरची, नोकरीला पुण्यात. जानेवारी २०२३ मध्ये डॉक्टरांच्या देखरेखीखाली बायकी हॉर्मोन्स सुरू केले आणि आईबाबांना सांगितलं मे २०२४ मध्ये. मधले सोळा महिने अंग बदलत होतं आणि घरच्यांसाठी, ऑफिससाठी मी मुलगाच होते. त्या काळात काय जमलं, काय फसलं, ते इथे लिहितेय. गेल्या वर्षभरात पाच-सहा जणींनी फोन करून हेच विचारलं, तेव्हा वाटलं एकदा बैजवार लिहूनच काढावं.

अठरा पूर्ण झालेल्या आणि डॉक्टरांकडे जाऊन औषध घेणाऱ्या ट्रान्स बायकांसाठी हे आहे. तू अजून लहान असशील तर आधी समुपदेशकाशी बोल, औषधाला हात लावू नकोस. आणि लपवतेस म्हणून स्वतःला खोटारडी समजू नकोस. ज्यांच्या घरात राहतेस, ज्यांच्या पैशावर शिकतेस, त्यांना कधी सांगायचं हे ठरवायचा हक्क तुझाच आहे. मला फक्त एवढंच सांगायचंय की जगापासून लपवताना डॉक्टरांपासून काही लपवू नकोस, आणि शरीराला इजा होईल असा एकही उपाय करू नकोस. ही दुसरी चूक मी केली. पहिली जवळजवळ झालीच होती.

आधी काय बदलतं, कधी बदलतं

पहिल्या आठवड्यात आरशासमोर उभी राहून सगळं जग आपल्याकडे बघतंय असं वाटतं. बघत नाही कोणी. डॉक्टर सांगतात ते साधारण असं: छातीत गाठ येणं, कातडी मऊ आणि कमी तेलकट होणं, चरबीची जागा बदलणं, दंडाचे स्नायू उतरणं, हे सगळं तीन ते सहा महिन्यांच्या दरम्यान सुरू होतं. छातीची पूर्ण वाढ व्हायला दोन-तीन वर्षं लागतात. हातापायांवरचे केस सहा महिन्यांनंतर हळूहळू विरळ होतात. दाढी हॉर्मोन्सने जात नाही. आवाज तर अजिबात बदलत नाही.

म्हणजे पहिले तीन महिने बहुतेक काहीच लपवावं लागत नाही. त्या वेळेचा उपयोग कर. कपडे हळूहळू बदल, कागदपत्रं जमव, थोडे पैसे बाजूला टाक. एकाएकी सैल शर्ट घालायला लागलं की लोक विचारतात. तीन महिने आधीपासून घालत असलं तर ती तुझी सवय असते. मिशी काढायचीच असेल तर ती हॉर्मोन्सच्या आधी काढ. मी वर्षभर आधी काढली होती. आमच्या गल्लीत त्यावर आठवडाभर चर्चा झाली आणि विषय मिटला. मग पुढच्या बदलांच्या वेळी तो 'नवा चेहरा' जुनाच झाला होता.

छाती

खरं लपवायचं असतं ते हेच.

माझं दहाव्या आठवड्यात सुरू झालं. आंघोळ करताना डाव्या स्तनाग्राच्या मागे हरभऱ्याएवढी टणक गाठ हाताला लागली. उजवीकडे ती तीन आठवड्यांनी आली. दोन्ही बाजू एकाच वेळी सुरू होत नाहीत, घाबरू नकोस. दुखतं मात्र खूप. पीएमटीत कोणाचं कोपर लागलं की डोळ्यांत पाणी यायचं. पहिल्यांदा लपवावं लागतं ते हे दुखणंच: धाकटा भाऊ गळ्यात पडतो, मित्र छातीवर थाप मारतो, आणि आपण कळवळतो. मी मिठी मारताना एक खांदा पुढे करायला शिकले. आधी आपणच हात पुढे करून समोरच्याचा हात धरला तरी काम भागतं.

कपड्यांचं सांगते. पांढरं पातळ बनियन बंद. त्यातून कडा दिसतात, घामाने ते चिकटतं. त्याऐवजी जाड विणीचं, गडद रंगाचं, बाह्यांचं बनियन घ्यायचं, एक माप मोठं. वर कडक कापडाचा शर्ट, म्हणजे खादी, जाड सुती किंवा लिनन. चौकडीचा शर्ट सर्वांत उत्तम, कारण चौकडीत उंचवटा डोळ्याला सापडत नाही. एकरंगी फिका शर्ट आणि आडव्या पट्ट्यांचा टी-शर्ट या दोन गोष्टी कपाटातून काढून टाक. दोन्ही बाजूंना झाकण असलेले खिसे असतील तर सोन्याहून पिवळं. लग्नकार्यात नेहरू जॅकेट, थंडीत बिनबाह्यांचा स्वेटर. मी असे पाच चौकडीचे शर्ट शिवून घेतले. शिंप्याला फक्त 'छातीत दोन इंच सैल ठेवा' एवढंच सांगितलं. त्याने काहीही विचारलं नाही.

आता ज्याचा विचार कोणी करत नाही ती गोष्ट: पट्टा. एका खांद्यावरून तिरकी घेतलेली बॅग छातीच्या मधोमध कापड दाबते आणि दोन्ही बाजू उठून दिसतात. गाडीचा सीटबेल्ट तसाच. पाठीवरच्या सॅकचे पट्टेही शर्ट मागे ओढतात. मी सॅक पोटाशी धरायला लागले, आणि गाडीत शर्टावर एक सैल जॅकेट उघडं ठेवून बसायचं. बेल्ट मात्र कधीही टाळायचा नाही.

घरातून निघण्याआधी खिडकीपाशी उभी राहा, उजेड एका बाजूने येऊ दे. फोन फळीवर टेकवून बाजूने व्हिडिओ घे. दोन्ही हात वर कर, पुढे वाक, बुटाची नाडी बांध. समोरून आरशात काही कळत नाही, बाजूने कळतं. व्हिडिओ बघून झाला की लगेच पुसून टाक, कारण बऱ्याच घरांत फोटो आपोआप कोणाच्या तरी दुसऱ्या फोनवरही जातात.

दाबायची वेळ येते ती साधारण आठव्या-नवव्या महिन्यानंतर. इथे माझं ऐक. क्रेप बँडेज गुंडाळू नकोस. मी दोन दिवस गुंडाळलं होतं. प्रत्येक श्वासाला ते आवळत जातं, ढिलं होत नाही. दुसऱ्या दिवशी ऑफिसचा जिना चढताना मला धाप लागली आणि पुढे आठवडाभर बरगड्या दुखत होत्या. चिकटपट्टीने ओढून बांधणंही तसंच, वर कातडी सोलवटते. पुरुषांच्या वाढलेल्या छातीसाठी 'गायनेकोमास्टिया व्हेस्ट' म्हणून दाबाचं बनियन ऑनलाइन मिळतं, ते घे. नाहीतर व्यायामाचा कॉम्प्रेशन टी-शर्ट चालतो. आपल्याच मापाचं घ्यायचं, लहान नाही. एकावर एक दोन घालायचे नाहीत. दिवसात आठ तासांच्या वर नाही, झोपताना कधीच नाही. घालून मोठी जांभई देऊन बघ. जांभई पुरी आली नाही तर ते घट्ट आहे. घरी आल्यावर काढून गार पाण्याने अंग पूस, नाहीतर मे महिन्यात घामोळ्यांनी जीव जातो. नुसती स्तनाग्रं झाकायची असतील तर मधे कापसाची छोटी गोल चकती ठेवून वर मायक्रोपोर टेप लावली तरी दिवस निघतो. टेप नेमकी तिथेच चिकटवू नकोस.

खांदे पाडून, पाठीला पोक काढून चालू नकोस. आपण सगळ्याच तसं करतो. पाठ धरते, आणि 'असा का चालतोयस रे?' हा प्रश्न आलाच.

वजन दोन-तीन किलो वाढलं तर वाढू दे. माझे गाल भरले तेव्हा काकू म्हणाली, 'पुण्याचं पाणी मानवलं की तुला!' अंगाने भरलेल्या मुलाला थोडी छाती असणं कोणाला खटकत नाही. पॅन्टचं मात्र लक्षात ठेव: कंबर तीच राहते आणि मांड्या, नितंब भरतात. घट्ट जीन्स सोडून चुण्यांची सैल पॅन्ट घे.

गाठ लाल झाली, गरम लागली, स्तनाग्रातून रक्त आलं, किंवा एखादी गाठ बाजूला कडक होऊन बसली, तर हे सगळं सोडून डॉक्टरांकडे जा.

सण आणि पाणी

पुण्यात एकटी राहताना फारसं काही नसतं. अडचण घरी गेल्यावर, सणाला. कोल्हापुरात वाढलेल्या मुलाने तालमीत, पंचगंगेत, रंगपंचमीला उघड्या अंगाने असणं यात कोणाला काही विशेष वाटत नाही. न असणंच विशेष वाटतं.

ओला शर्ट हा सर्वांत मोठा शत्रू. पावसाळ्यात विंडचीटर नको, गुडघ्यापर्यंतचा रेनकोट हवा, आणि बॅगेत एक कोरडा शर्ट. रंगपंचमीला मी काळा जाड टी-शर्ट घातला आणि बादल्या भरायचं, रंग कालवायचं काम स्वतःकडे घेतलं. काम करणाऱ्याला कोणी फारसं धरून भिजवत नाही. कोकणात सहल निघाली तर पोहायचा पूर्ण बाह्यांचा गडद टी-शर्ट मिळतो. 'उन्हाने अंगावर पुरळ येतं' एवढं पुरतं. दाढीचे केस काढायला लेझर चालू असेल तर ऊन टाळायला डॉक्टरच सांगतात, म्हणजे ते खोटंही नाही.

गणपतीचं सविस्तर सांगते, कारण त्याची मला महिनाभर आधीपासून धास्ती होती. आमच्याकडे प्रतिष्ठापनेला मीच बसायचे. सोवळं नेसून, खांद्यावर उपरणं, वर काही नाही. २०२३ मध्ये गणपती १९ सप्टेंबरला होते, म्हणजे मला नववा महिना लागलेला. टाळायचं म्हटलं असतं तर आजारपणाचं सोंग करावं लागलं असतं. मी दोन आठवडे आधी गुरुजींना फोन केला आणि सरळ विचारलं, 'रेशमी कुर्ता घालून बसलं तर चालेल का?' ते म्हणाले, 'न चालायला काय झालं? धूतवस्त्र असलं म्हणजे झालं.' मग आईला मी नाही सांगितलं, गुरुजींनीच सांगितलं. पूजेच्या सकाळी आई म्हणालीच, 'अरे, कुर्ता काढ की!' गुरुजी आचमनाचं पाणी पळीत घेत म्हणाले, 'असू दे वहिनी, रेशीम आहे.' संपलं. वर मी रुंद उपरणं दोन्ही खांद्यांवरून पुढे घेतलं होतं, आणि फुलं वाहायला वाकताना डाव्या हाताने ते छातीशी धरलं होतं. कोणालाही ते भक्तीनेच धरलंय असं वाटलं असेल, आणि खरं सांगते, त्या दिवशी ते तसंच होतं.

यातून शीक: नकार आपल्या तोंडून नको. ज्याचा शब्द घरात चालतो त्याच्या तोंडून 'चालेल' येऊ दे, आणि ते आधी विचारून ठेव.

दिवाळीच्या अभ्यंगस्नानाला मात्र मला आईच्या हातचं तेल-उटणं सोडावं लागलं. 'आता मोठा झालो, मी लावून घेईन' म्हटलं. ती काही बोलली नाही, वाटी बाथरूमच्या दाराशी ठेवून गेली. हे झाकणं नाही ग, हे गमावणं आहे. तुझ्याही वाट्याला असं काहीतरी येईल, आणि त्या दिवशी कोणालातरी फोन करायचा हे आधीच ठरवून ठेव.

गोळ्या, रिपोर्ट आणि मी सांगितलेलं एक खोटं

गोळ्या घरच्या गल्लीतल्या मेडिकलमधून घेऊ नकोस. तो दुकानदार बाबांचा मित्र असतोच. लॅबमध्ये नाव नोंदवताना स्वतःचा नंबर आणि स्वतःचा ईमेल दे, घरच्यांचा जुना नंबर खात्यात राहिलाय का ते बघ. बाबांच्या मेडिक्लेमवर या खर्चाचं बिल लावू नकोस. घरी जाताना मोजून नेत जा, दोन दिवसांच्या जास्त. पाकीट आपल्या खोलीवरच सोडायचं, पण पट्टी तोडून सुट्या गोळ्या डबीत भरायच्या नाहीत, कारण वेळ पडली तर नाव आणि मुदत वाचता आली पाहिजे. मी पट्ट्या दाढीच्या सामानाच्या पाऊचमध्ये ठेवायचे.

तिथेच त्या सापडल्या. १२ मार्च २०२३, रंगपंचमी. रंग काढायला धाकट्याने माझा साबण घेतला आणि पट्टी हातात घेऊन बाहेर आला. 'दादा, हे कसलं?' हाताला लागली होती ती स्पायरोनोलॅक्टोन. ते पुरुषी हॉर्मोन दाबायला देतात, पण मुळात ते रक्तदाबाचं, हृदयाचं औषध आहे. मला तेच सुचलं. म्हटलं, 'बीपीची गोळी आहे. डॉक्टर म्हणाले, टेन्शनने थोडं वाढलंय. आईला सांगू नको.'

त्याने तासाभरात सांगितलं.

आई पुढच्या आठवड्यात पुण्याला माझ्याकडे राहायला आली. पिशवीत लो सोडियम मिठाचा पुडा. रोज सकाळी कोपऱ्यावरच्या गाडीवरून शहाळं. तीन आठवडे तिने मला मीठ मोजून जेवायला घातलं, रात्री उठून माझ्या कपाळावर हात ठेवून बघितलं. मला अपराधी वाटत होतं, पण धोकाही आहे हे ठाऊक नव्हतं. एप्रिलमध्ये तीन महिन्यांची रक्ततपासणी झाली आणि लॅबमधून संध्याकाळी थेट डॉक्टरांचा फोन आला. पोटॅशियम ५.७. ते साधारण ५ च्या आत असावं लागतं. लो सोडियम मिठात सोडियमच्या जागी पोटॅशियम क्लोराइड घातलेलं असतं. शहाळ्यातही पोटॅशियम भरपूर. आणि स्पायरोनोलॅक्टोन शरीरातलं पोटॅशियम बाहेर जाऊ देत नाही. ते फार वाढलं तर हृदयाचे ठोके बिघडतात. डॉक्टरांनी विचारलं, 'जेवणात काय बदललं?' मी सगळं सांगितलं. ईसीजी काढला, तो ठीक आला. गोळी काही दिवस बंद, मीठ बंद, शहाळं बंद. आठवड्याने आकडा ४.६ वर आला.

म्हणून सांगते, आजाराचं खोटं सांगू नकोस. आपल्या माणसांना आजार सांगितला की ते उपचार करतात, आणि ते उपचार तुझ्या औषधाशी भांडू शकतात. 'त्वचेच्या डॉक्टरांनी दिलंय, मुरमांसाठी' असं म्हटलं असतं तरी चाललं असतं. या औषधाचा तोही उपयोग आहे, आणि मुरमांसाठी कोणाची आई पुण्याला येऊन राहत नाही. याच गोळीने लघवीला वारंवार जावं लागतं, तेही घरात लक्षात येतं. मी 'पाणी जास्त पितोय, सवय लावतोय' म्हणून तांब्या कायम शेजारी ठेवला.

डॉक्टरांशी बोलताना काही गाळू नकोस. तंबाखू, सिगारेट, दुसरी औषधं, घरात पायाला किंवा फुप्फुसात रक्ताची गाठ झालेलं कोणी असेल तर ते, सगळं सांग. पुढे मूल हवं असेल तर वीर्य गोठवून ठेवायचं का, हे सुरू करण्याआधी विचार. पहिल्या वर्षी साधारण दर तीन महिन्यांनी रक्त तपासतात, ते चुकवू नकोस. मेडिकलमध्ये सहज मिळतात म्हणून गर्भनिरोधक गोळ्या मनाने घेणाऱ्या मुली मला माहीत आहेत. त्यातल्या इस्ट्रोजेनने, म्हणजे बायकी हॉर्मोनने, रक्तात गाठ होण्याचा धोका जास्त असतो. एका पोटरीला सूज येऊन दुखलं, अचानक दम लागला, छातीत कळ आली, तर घरचे सोबत असले तरी दवाखान्यात जा, आणि डॉक्टरांना एकटीने दोन मिनिटं मागून औषधांची नावं सांग. पेशंटची गोष्ट गुप्त ठेवणं हे त्यांच्यावर बंधनकारक आहे.

ऑफिसच्या वार्षिक तपासणीत ईसीजीला शर्ट काढावा लागतो. मी पडदा ओढायला सांगितला, आणि तंत्रज्ञाने पाहिलं तेव्हा 'गायनेकोमास्टिया आहे, डॉक्टर बघताहेत' एवढंच बोलले. तो पुरुषांत आढळणाराच प्रकार आहे, त्याला रोज दिसत असेल. पण हा शब्द फक्त परक्यांसाठी ठेव. घरी उच्चारलास तर आठवड्यात सर्जनची वेळ घेतलेली असेल.

दाढी, केस

लेझरची घाई करू नकोस. दाढीची खुंटं ही या काळातली सर्वांत चांगली ढाल आहे. मऊ होत जाणारा चेहरा त्यामागे दिसत नाही. मी घरी जायच्या आधी चार दिवस दाढी करत नसे. लेझर सुरू केलाच तर घरी जाण्याच्या दोन दिवस आधी बसू नकोस, गालावर लाली राहते. पुढचे दोन-तीन आठवडे केस गळून पडेपर्यंत ते खुंटांसारखेच दिसतात, ते सोयीचं पडतं. मधल्या काळात फक्त वस्तरा चालतो, उपटायचं नाही. कोणी विचारलंच तर 'केस आत वळून फोड यायचे' हे कारण पुरुषही लेझरला जाताना सांगतात. पांढऱ्या केसांवर लेझर चालत नाही.

डोक्याचे केस वाढव, आता मुलंही अंबाडा बांधतात. भुवया कोरू नकोस, मधले तेवढे काढ. कानाचं म्हणशील तर आमच्याकडे भिकबाळी घालणारे पुरुष आहेतच.

येतो आणि येते

हे मला कोणी सांगितलं नव्हतं. पुण्यात मैत्रिणींशी दिवसभर 'मी येते, मी जेवले' बोलायचं आणि रात्री आईच्या फोनवर 'येतो, जेवलो'. जीभ घसरतेच. एकदा बाबांना म्हणाले, 'निघाले बाबा,' आणि पोटात गोळा आला. ते म्हणाले, 'कोण निघाले?' मी म्हटलं, 'ऑफिसातले सगळे.'

नशिबाने मी कोल्हापूरची. आमच्याकडे बायकाही 'मी येतो, मी जातो' म्हणतात. शाळेतल्या मुली असंच बोलायच्या, त्यामुळे घरी 'येतो' म्हणताना मला स्वतःला तितकं परकं वाटलं नाही. पण तू नागपूरची, नाशिकची असशील तर मराठीतल्या पळवाटा वापर. 'जेवलो' ऐवजी 'जेवण झालं'. 'येतो' ऐवजी 'येईन', त्यात बाईपुरुष नाही. 'निघालो' ऐवजी 'निघून दहा मिनिटं झाली'. 'मी पाहिलं, मी घेतलं, मी केलं' तर दोन्हीकडे सारखंच. महिनाभर सराव केला की ओठांत बसतं, आणि स्वतःबद्दल चुकीचं बोलल्याची बोचही लागत नाही. मला तर हे कपड्यांपेक्षा जास्त उपयोगी पडलं. आवाजाचा सराव करत असशील तर घरच्यांच्या फोनआधी अर्धा तास थांबव.

जिथे लपवायचं नाही

स्थळं येतील. मला दोन आली. एका ठिकाणी आईने पोहे खायला जायचं पक्कंही केलं होतं. गेले नाही. 'दोन वर्षं लग्न करणार नाही' म्हणून ठाम बसले, आठवडाभर अबोला सोसला. या बाबतीत 'बघू नंतर' म्हणायचं नाही. ज्या मुलीला काही माहीत नाही तिला या घरात आणून बसवणं हा तिच्यावर अन्याय आहे, आणि तो आपण करायचा नाही.

एका माणसाला मात्र सगळं माहीत असू दे. मी गणपतीनंतर डिसेंबरमध्ये सांगलीला ताईकडे गेले आणि तिला सांगितलं. तिच्याकडे माझ्या डॉक्टरांचा नंबर, औषधांची यादी आणि रक्तगट होता. घरातलं कोणी नसेल तर मैत्रीण चालेल. रात्री फार वाईट वाटलं तर सरकारच्या टेलिमानसचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो, मराठीतही बोलता येतं.

सांगायचा दिवस

छातीने मला सव्वा वर्ष साथ दिली. त्यानंतर कुठलाही शर्ट पुरेना आणि पुण्याच्या रस्त्यावर लोक 'मॅडम' म्हणू लागले. कोणी ओळखून विचारायच्या आत आपण सांगणं बरं, म्हणून मी तारीख ठरवली. आधार, पॅन, मार्कशीट आणि पासबुक तीन महिने आधीच पुण्याला आणून ठेवले होते. तीन महिन्यांचं भाडं बँकेत होतं. ताईला त्या दिवशी माहेरी बोलावलं. रात्री नाही, सकाळी सांगितलं, म्हणजे समोर अख्खा दिवस असतो. संध्याकाळच्या एसटीचं तिकीट खिशात होतं. घरात हात उचलला जाण्याची भीती असेल तर समोर बसून सांगूच नकोस, सुरक्षित ठिकाणी पोचून फोनवर सांग.

बाबा उठून गच्चीवर गेले. आई बराच वेळ शेंगा सोलत राहिली. ताईने तिच्या पुढ्यातली ताटली सरकवली तेव्हा कुठे तिने माझ्याकडे पाहिलं.

'मग ते बीपी?'

'बीपी नव्हतं आई. कधीच नव्हतं.'

तिने हातातली शेंग खाली ठेवली, पदराने डोळे पुसले आणि म्हणाली, 'वर्षभर मी तुझ्या बीपीसाठी शनिवार धरलेत.'

त्या संध्याकाळचं तिकीट मी रद्द केलं.